लिव्ह डाउनला मराठीत काय म्हणायचं

“सर, लिव्ह डाउन म्हंजे खालच्या मजल्यावर राह्यणं का?”

बारावीच्या वर्गात प्रश्न विचारणारी अपेक्षा नावाची एकच मुलगी होती. बाकीचे विचारत नसत, कारण विचारलं की सर सांगत बसतात हा त्यांचा अनुभव होता. वामनरावांनी खडू टेबलावर ठेवला. पंख्याचा वारा त्यांच्यापर्यंत येत नव्हता; तो बोरी अरब गावच्या त्या वर्गात आजवर कोणत्याच शिक्षकापर्यंत आला नव्हता.

“नाही. समजा, एखाद्याची चारचौघांत फजिती झाली. बदनामी झाली. पण पुढे तो असा सरळ जगला, असा वागला, की हळूहळू लोक ते विसरूनच गेले. म्हणजे ती फजिती त्यानं लिव्ह डाउन केली.”

“असं होते का सर?”

“इंग्रजीत होतं,” वामनराव म्हणाले. “तेही क्वचित. म्हणून हे क्रियापद बहुतेक वेळा ‘नेव्हर’ला सोबत घेऊनच फिरतं.”

“मंग मराठीत काय म्हणाचं?”

“गाव सोडणं,” मागच्या बाकावरून कपिल म्हणाला.

“बदली करून घेणं,” त्याच्या शेजारचा म्हणाला.

वर्ग हसला. वामनरावांनी दोन्ही उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार केला. स्टाफरूममधल्या शब्दकोशात दिलेल्या ‘कालांतराने विस्मृतीत जाईल असे वर्तन करणे’पेक्षा दोन्ही बरी होती.

“वाक्यात उपयोग करा,” ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

कपिलनं उभं राहून वाक्य वाचलं. “अवर सर कुड नेव्हर लिव्ह डाउन द पोळा.”

यावेळी वर्ग हसला नाही, नुसता श्वास रोखून बसला. वामनरावांनी वाक्य मनातल्या मनात तपासलं. कर्ता होता, क्रियापद होतं, कर्म जागेवर होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्या वर्गातून इतकं निर्दोष वाक्य आलं नव्हतं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “बस.”

त्या पोळ्याला आता तीसेक वर्षं झाली. वामनराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, आणि गावात त्या वर्षी पहिल्यांदाच पोळ्यासाठी माईक आणला होता. गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, म्हणून माईक त्याच्या हातात. मराठीत बोलायला इंग्रजीवाला कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही. वामनरावांनीही नाही.

पोळ्याची रीत साधी आहे. आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्यापुढे सगळ्या गावाच्या बैलजोड्या उभ्या करतात. पाटलाची मानाची जोडी वाजतगाजत येते, तिची पूजा होते, ती तोरणाखालून जाते, आणि मग इशारा झाला की पोळा फुटतो. म्हणजे सगळे आपापले बैल घेऊन पळत सुटतात. त्या दिवशी पाटलांची जोडी अजून घरीच होती. बैलाची झूल सापडत नव्हती म्हणे. तेवढ्यात वामनरावांनी माईकवर टिचकी मारली आणि कोणताही माणूस माईकवर पहिल्यांदा जे म्हणतो ते म्हटलं. हॅलो. वन, टू, थ्री.

गावातल्या बहुतेकांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं. पण तेवढ्या शिक्षणात एक इंग्रजी सगळ्यांना पक्कं आलं होतं. शाळेच्या मैदानावर मास्तर वन टू थ्री म्हणाले की पळायचं.

सगळे पळाले. बैलही पळाले. तोरण पडलं, एक बँडवाला ढोलासकट नालीत गेला, आणि पाटलांचा पिढ्यानपिढ्यांचा मान झूल शोधण्यात राहून गेला.

हे एका वर्षात विसरलं गेलं असतं. पण पोळ्यात झडत्या म्हणतात. बैल उभे असताना कुणीतरी पुढे होतो आणि यमकात दोन ओळींची टिंगल हाणतो. वर्षभरात ज्याचं जे फसलं ते. मग सगळे ‘हर हर महादेव’ म्हणून ओरडतात. लागूनच्या बंजारा तांड्यावरचा पूनमसिंग तेव्हा तरुण होता, आवाज खणखणीत होता. पुढच्याच पोळ्याला त्यानं म्हटली:

*मास्तरानं माईकात म्हटलं वन टू थ्री,*
*पोळा गेला पळून, पाटील राह्यला घरी!*

एवढी सोपी, एवढी ठसकेबाज झडती गावाला पुन्हा मिळाली नाही. इतर झडत्या आल्या, गेल्या. सरपंचावरची सरपंचासोबत गेली. ही राहिली. पाटील वारले, झडतीतले पाटील घरीच राहिले. दूधवाला वामनरावांना ‘वनटूथ्री सर’ म्हणायचा, आणि त्यात आपण काही चेष्टा करतोय असं त्याला वाटतही नव्हतं. त्याला ते आडनाव वाटायचं.

वामनरावांनी शब्दकोशातल्याप्रमाणे सगळं करून पाहिलं होतं. सरळ जगले. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पोरांना फुकट शिकवलं. माईक मात्र पुन्हा हातात धरला नाही. ज्येष्ठतेनं प्राचार्यपद आलं, तेव्हा प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी ते नाकारलं, कारण प्राचार्याला पंधरा ऑगस्टला बोलावं लागतं. संस्थेला तो त्याग वाटला. त्या त्यागाबद्दल त्यांचा सत्कार झाला. सत्काराला उत्तर द्यायच्या वेळी त्यांचा घसा बसलेला होता.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. मुलीसाठी, अर्पितासाठी, आर्णीचं स्थळ आलं होतं. मुलगा अतुल यवतमाळला बँकेत, आणि त्याचे वडील सदाशिवराव यांचं आर्णीला मोठं कृषी केंद्र. सदाशिवरावांनीच फोनवर सांगितलं होतं, “पोळ्याले येतो तुमच्या गावाले. घर पाहून होईन, बोलणं होईन, पोळाबी होईन.”

“दुसरा कोणता दिवस नाही भेटला त्यायले?” भागीरथाबाई म्हणाल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाच झडती चार वर्षांची होती.

“बाबा, मी अतुलले सांगून ठेवू का अगोदरच?” अर्पितानं विचारलं. “हासन अन् सोडून देईन तो.”

“नको.”

“अहो, पोरीचं म्हणणं—”

“नको म्हटलं ना. एक दिवस. एक दिवस मला वामनराव म्हणून बसू द्या खुर्चीवर.”

वामनराव घरात आवाज चढवत नसत, त्यामुळे चढवला तरी तो कुठवर न्यायचा हे त्यांना माहीत नव्हतं. ते चपला घालून बाहेर पडले.

पोळ्याचा आदला दिवस. तांड्यावर पूनमसिंग बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकत होता. वर्षभर जू वाहून तिथलं कातडं काळं पडलं होतं. पूनमसिंगच्या स्वतःच्या खांद्याचंही काही वेगळं नव्हतं, पण त्याला तूप लावायचा सण अजून निघालेला नाही.

“आव सर, बेस,” त्याच्या बायकोनं, भुरीबाईनं, बाज पुढे केली.

“काहून आले ते माहीत हाय मले,” पूनमसिंग मागे न वळता म्हणाला. “पाहुणे येऊन राह्यले उद्या.”

“तुला कोणी सांगितलं?”

“तुमच्या घरी नवा सोफा उतरला. सोफा काही कोणी बैलासाठी आणत नाही.”

वामनराव बाजेवर टेकले. कसं सांगायचं याची त्यांनी रस्त्यानं जुळवाजुळव केली होती. ती आता आठवेना.

“यंदा तेवढी सोडून दे पूनमसिंग.”

“देतो. मले काय?” पूनमसिंगनं हात थांबवले. “खरं सांगू? दरसाल तेच म्हणू म्हणू मीच थकलो सर. दात पडले माहे, थ्री म्हणतानी हवा जाते. पन जागा खाली राह्यते ना. पोळ्यात एक तरी फजितीची लागते. तिच्यावर लोकं एकडाव पोटभर हासले, का बाकीच्या चालून जाते. तुमची काढली तर तिथं कोन्ती ठेवू?”

“ठेव कोणतीही.”

“कोन्तीही कशी? पाह्यलं मी करून. नाही जमत आता. तुमी तर शिकलेले. तुमीच द्या एखादी.”

गोष्ट अशी होती की वामनरावांजवळ एक होती. गेल्या महिन्यापासून होती. शाळेत चालत जाताना ती आपोआप जुळली होती आणि त्यांनी ती कुणाला म्हणून दाखवली नव्हती.

नयन त्यांचाच विद्यार्थी. शेतीचा डिप्लोमा करून आला आणि फवारणीसाठी भाड्यानं ड्रोन घेऊन आला. सगळ्या गावाला बोलावलं. ड्रोन उठलं, सोयाबीनवरून एक सुंदर फेरी मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते सरळ जाऊन विहिरीत पडलं. पोरानं स्वतः दोर सोडून ते बाहेर काढलं. आता पोळा झाला की पुन्हा एकदा प्रयत्न करणार म्हणून तो घरोघरी फिरत होता. दोन-तीन शेतकरी हो-नाही करत होते.

“नयनचं ड्रोन,” वामनराव म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण म्हणालो.

“हां, ते झालं म्हने. मंग?”

वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटली:

*डरोन गेलं आभाळात, पाहे सारा गाव,*
*इहिरीत जाऊन बेडकायले इचारे त्यायचं नाव!*

पूनमसिंग असा हसला की बैल दचकून बाजूला सरकला. “अरे बाप्पा! सर! एवढे दिस कुठं होते तुमी? कायले इंग्रजी शिकवता लेकरायले?” त्यानं डोळे पुसले, दोन्ही ओळी पुन्हा म्हणून पाहिल्या. “ही चालन. वीस साल तरी हलत नाही ही.”

“पोरगं चांगलं हाय,” भुरीबाई चहा देताना म्हणाली.

“सरबी चांगलेच होते,” पूनमसिंग म्हणाला.

वामनरावांनी चहा घेतला. साखर जास्त होती. घरी येताना त्यांना हलकं वाटायला पाहिजे होतं, पण रस्त्यात चिखल होता आणि त्यांना पायाकडे पाहून चालावं लागलं. शब्दकोशात फजिती विसरली जाते एवढंच दिलेलं होतं. ती निघून कुणाच्या घरी मुक्कामाला जाते, ते दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदाशिवराव अतुलला घेऊन आले. माणूस भरघोस, बोलणं मोकळं. सोफ्यावर बसून त्यांनी पुरणपोळी मागून घेतली, अर्पिताला नोकरीचं विचारलं, भागीरथाबाईंना “तुपाले हात आखडू नका विहीणबाई” म्हणाले, आणि तो ‘विहीणबाई’ ऐकून भागीरथाबाई स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं उगाच उभ्या राहिल्या. अतुल अर्पितासोबत घरीच थांबला. होऊ घातलेले दोघे व्याही पोळ्याच्या मैदानावर निघाले. पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. वामनराव त्यातल्या एकीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

जोड्या आता थोड्याच उरल्या होत्या. मागे ट्रॅक्टर उभे होते, त्यांच्या बोनेटला हार घातले होते, आणि एकाला शेंदूरही लावला होता.

“तो पोरगा कोन?” सदाशिवरावांनी विचारलं. “जोडी मस्त सजवली लेकानं.”

नयन होता. वडिलांची जोडी धरून तिसऱ्या नंबरवर उभा होता. नवा सदरा, केस ओले करून बसवलेले. कुणी त्याच्याकडे पाहिलं की तो हसत होता. समोरच्यानं काही बोलायच्या आधीच हसत होता. आपल्यावर हसणार आहेत हे ज्याला माहीत असतं, तो माणूस थोडं हसू आधीच काढून तयार ठेवतो, म्हणजे लागत नाही. ते हसू वामनरावांनी बरीच वर्षं दाढी करताना पाहिलं होतं.

“माझा विद्यार्थी,” ते म्हणाले. “ड्रोनचं काम करतो.”

“मंग पाठवा त्याले माह्या दुकानात. आजकाल इचारतात लोकं.”

पूनमसिंग पुढे आला. पहिली झडती लाईनमनवर झाली, दुसरी खड्ड्यांवर. लोक हसले, पण हात राखून. सगळ्यांना माहीत होतं, खरी पुढे आहे. पूनमसिंगनं खाकरून घसा मोकळा केला, नयनच्या दिशेनं एकदा पाहिलं.

वामनराव उठले. दरवर्षी या वेळेला त्यांना घरी काहीतरी काम निघायचं, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. पण ते घराकडे न जाता बैलांमधून वाट काढत पुढे गेले.

“माझीच म्हण,” ते पूनमसिंगच्या कानाशी म्हणाले.

“पाहुणे बसून हायेत ना सर.”

“आहेत. तू म्हण.”

“अन् ती डरोनवाली? रात्री बसून पाठ केली मी. भुरीले दहा डाव म्हणून दाखवली.”

“विसरून जा.”

“तसं विसरता येते का?” पूनमसिंग वैतागून म्हणाला. मग त्यानं सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात वर केला.

“मास्तरानं माईकात म्हटलं वन टू थ्री—”

पुढची ओळ त्याला म्हणावीच लागली नाही. सगळ्या मैदानानं म्हटली. खांबाशी उभा राहून कपिल बेंबीच्या देठापासून ओरडत होता. नयन तर सगळ्यांत मोठ्यानं हसला, खरंखुरं, मान मागे टाकून, आणि त्याचं ते हसणं वामनरावांना जरा लागलंच. हर हर महादेव झालं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज झाला.

वामनराव परत येऊन खुर्चीवर बसले. सदाशिवरावांचं पोट अजून हलत होतं.

“काय झडती आहे हो! वन टू थ्री, अन् पाटील घरी! कोन होता हा मास्तर? हाय का आता?”

“मी,” वामनराव म्हणाले.

सदाशिवरावांनी हसणं आवरायचा प्रयत्न केला. ते एकदम जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, पुन्हा घडी घातली.

“माफ करा बरं.”

“हसा. सगळे हसतात.”

मानाची जोडी तोरणाखालून गेली. पाटलांचा नातू पुण्याहून आला होता. त्याला कासरा कसा धरायचा ते दोघं जण सांगत होते. सदाशिवराव काही वेळ तिकडे पाहत बसले. मग खुर्ची जराशी जवळ ओढून त्यांनी विचारलं,

“मंग त्या दिवशी पाटलाच्या जोडीचं काय झालं?”

वामनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. गावात हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. गावाला सगळी गोष्ट माहीत होती, म्हणजे दुसऱ्या ओळीपर्यंत.

“आले ना पाटील. उशिरा आले. झूल सापडली होती. पण इथं कोणीच नव्हतं. माणूस नाही, बैल नाही. मीच तेवढा उभा होतो. माझ्याजवळ बैल नव्हते, तर मी पळू कोणासोबत?”

“मंग?”

“तोरण मातीत पडलं होतं. ते उचललं. एक टोक पाटलांच्या गड्यानं धरलं, एक मी धरलं. हात वर करून उभे राहिलो दोघं. बैल गेले खालून. त्यांच्यामागून पाटील गेले. उंच माणूस. माझे हात काही तेवढे पुरत नव्हते. वाकून गेले ते.”

“बोलले नाही काही?”

“नाही.”

समोर इशारा झाला. तोरण तुटलं आणि जोड्या धावत सुटल्या. मागे ट्रॅक्टर सुरू झाले. उडालेली धूळ खाली बसल्यावर सदाशिवरावांनी विचारलं,

“एवढं झालं, तर मंग हे काहून नाही म्हणत झडतीत?”

वामनरावांनी गुडघ्यावरची धूळ झटकली.

“यमक जुळत नसन,” ते म्हणाले.